जमादार आणि जीपचा आरसा

त्यांच्या टेपाला पहिला फूट नव्हता. शंभर फुटी कापडी टेप, चामड्याच्या गोल डबीतला. बांधकाम खात्यातल्या कुणाकडून तरी मागून आणलेला, आणि त्याच्या तोंडाचा फूटभर भाग उंदरांनी कधीच खाल्लेला. त्यामुळे आमच्या पोलीस जमादारांची सगळी मोजमापं एकपासून सुरू व्हायची. टेपाचं टोक ते धरायचे, डबी माझ्या हातात. मी आकडा वाचायचो, "बत्तीस." पलीकडून ते म्हणायचे, "एक वजा." मी म्हणायचो, "एकतीस." मग ते लिहायचे. मी हुशारी करून परस्पर एकतीस म्हणालो तर चालायचं नाही.

"तू मनात वजा केलं का न्हाई केलं, मला कसं कळंल? मोठ्यानं कर."

आमच्या घरी मी ही गोष्ट सांगायला लागलो की बायको भाजी निवडायचं निमित्त करून आत जाते आणि मुलगी माझ्या आधी "एक वजा" म्हणून मोकळी होते. तरी सांगतो.

जालना जिल्हा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. मी पाटबंधारे उपविभागात कनिष्ठ लिपिक, लग्नाला वर्ष झालेलं, आणि ठाण्यासमोर एका बड्या शेतमालकाच्या घरात एक खोली भाड्यानं घेतलेली. अपघातात माणूस गेला की पोलिसांनी जागेचा पंचनामा करायचा आणि दोन त्रयस्थ माणसांनी 'हे आमच्यासमोर झालं' म्हणून सही करायची. ते पंच. त्या काळी पंचनामे बरेचदा हॉटेलच्या बाकड्यावर व्हायचे. दोन ठेवणीतले पंच असायचे, ते चहा पिऊन सही करायचे आणि अपघात पूर्वेला झाला का पश्चिमेला हे त्यांना कोर्टात वकिलाकडून कळायचं.

जमादारांना हे अजिबात खपायचं नाही. त्यांना जागेवर येणारा, उन्हात उभा राहणारा, टेप धरणारा पंच लागायचा. असा माणूस स्वखुशीनं मिळत नाही. मी मिळालो, कारण मी रोज सकाळी ठाण्यासमोर दात घासत उभा असायचो.

"ओ कलेक्टर," त्यांनी पहिल्यांदा हाक मारली. नव्या जिल्ह्यामुळं कलेक्टर हा शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता. "चूळ भर जल्दी. सायकल हाय ना?"

"पण मीच का?" मी विचारलं.

"सरकारी नोकर हायस. फितूर व्हायला जेवढं डोकं लागतं तेवढं तुला न्हाई. आजून काय पायजे?"

पहिल्याच दिवशी मी ट्रकखाली गेलेला माणूस पाहिला आणि बाभळीला धरून ओकलो. सायकलच्या पिशवीतून जमादारांनी एक पांढरी चादर काढली, त्या माणसावर घातली, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू इकडं बघू नको. त्याची एक चप्पल कमी हाय. तेवढी हुडक."

मला वाटलं, माझी दया येऊन पोरखेळ दिलाय. अर्ध्या तासानं चप्पल सापडली, तेव्हा त्यांनी ती जागच्या जागी ठेवून तिच्याभोवती खडूनं गोल काढला आणि टेप सोडला. मग समजावलं. धडक बसते तिथं माणूस चपलेतून निघतो. गाडी पुढं जाते, माणूस पुढं जातो, चप्पल फार लांब जात नाही. तसंच मातीचं. आमच्याकडची काळी माती मडगार्डखाली लिंपल्यासारखी चिकटून वाळते. धडक बसली की तिची ढेकळं त्याच जागी गळून पडतात. "लोकं सांगतील, गाडी डाव्या अंगानं व्हती. ढेकूळ उजव्या अंगाला पडलेलं असतंय. मंग कोणाचं ऐकायचं? लोकांचं का ढेकळाचं?"

ते ढेकळाचं ऐकायचे. मोठी गाडी आहे म्हणजे चूक तिचीच, हे गर्दीचं म्हणणं त्यांनी कधी आयतं घेतलं नाही, आणि गाडी मोठ्या माणसाची आहे म्हणून तिची चूक कमीही लिहिली नाही. गाड्यांना ते बाई म्हणायचे. ट्रकभोवती तीन फेऱ्या मारायचे आणि विचारायचे, "काय म्हणणं हाय बाईचं?" खिशात भाजलेल्या शेंगा असायच्या; खात खात फिरायचे, पण टरफलं दुसऱ्या खिशात. जागेवर आपलं काही पडू द्यायचं नाही. एकदा माझ्या शर्टाचं बटण तुटून पडलं, तर ते सापडेपर्यंत पंचनामा थांबवला आणि मला चारचौघांत कंबरेत वाकून फिरवलं.

त्यांच्या चादरी कधी परत यायच्या नाहीत. ज्याच्यावर घातली त्याच्याबरोबर जायच्या. त्यांची बायको, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "आमच्या घरात पांघराय काही राहू देणार न्हाई हा माणूस. पाव्हणे आले का मी शेजारी मागाय जाते." मी जमादारांना विचारलं होतं, अपघाताच्या मागं एवढं का लागता म्हणून. एकदा म्हणाले, चोरीच्या केसात लई पळावं लागतं. एकदा म्हणाले, मेलेला माणूस मधे मधे बोलत न्हाई. खरं कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

असं दोनेक वर्षं चाललं. मी एकतीस-बत्तीस करत राहिलो, आणि मग एका सकाळी माझ्याच घरमालकाची जीप निघाली.

परतूरच्या रस्त्यावर, गावापासून तीन किलोमीटरवर, सकाळी नऊच्या सुमाराला जीपनं एका दूधवाल्याला उडवलं. नारायण त्याचं नाव. गावात दूध घालून रिकाम्या किटल्या घेऊन सायकलवर परत निघाला होता. जागीच गेला. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. दहा वाजता मालकाचा सालगडी उत्तम आपल्या पायांनी ठाण्यात आला आणि हात जोडून म्हणाला, "जीप मी चालवत व्हतो. माझ्याच्यानं झालं."

सालगडी म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा माणूस. हा उत्तम सहा फूट उंच, काटकुळा. दारातून येताना सवयीनं वाकायचा, दार उंच असलं तरी. सगळ्या गावाला माहीत होतं की जीप मालकाचा मुलगा राजू चालवतो. आणि मोठ्या घरातल्या पोराच्या हातून काही झालं की दुसरा ड्रायव्हर उभा करतात, हेही सगळ्यांना माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि कागदावर येणं वेगळं. फौजदार नवीन होते, तरुण होते. म्हणाले, "आरोपी स्वतः हजर झालाय. पंचनामा उरकून टाका."

जमादारांनी शेंगांचा खिसा चाचपला. "उरकतो साहेब. आरोपीला संगं नेतो."

नेलं ते कसं, तर स्वतःच्या सायकलच्या कॅरिअरवर. उत्तमचे पाय दोन्ही बाजूंनी जमिनीला लागत होते; चढावर तो बसल्या बसल्याच चालायचा. मागं मी. माझ्या मागं दुसरे पंच, शाळेचे एक शिपाई. असा आरोपी नेताना मी पुन्हा कधी पाहिला नाही.

जीप लिंबाच्या बुंध्याला टेकून उभी होती. नारायणचा भाऊ सावलीला बसलेला. जमादारांनी आधी चादर घातली, दगड ठेवले. उत्तम तोंड फिरवून उभा राहिला. मग चप्पल, ढेकळं, टेप, एक वजा. जीप आपली बाजू सोडून पार पलीकडं गेली होती, हे मलाही कळलं. जीपभोवती तीन फेऱ्या झाल्या. मग जमादार दारापाशी थांबले आणि आतल्या आरशाकडं बराच वेळ बघत राहिले. हात लावला नाही.

"कलेक्टर, बस आत. आरशाला हात लावू नको. काय दिसतं सांग."

मी बुटका, आरामात बसलो. "मागचा रस्ता."

"कुठवर?"

"पार वळणापर्यंत."

"बराबर. उतर. उत्तम, आता तू बस बाबा."

उत्तमचे गुडघे स्टिअरिंगला अडले. तो कसाबसा आत गेला आणि डोकं टपाला लागू नये म्हणून वाकला.

"वाकू नको. रोज चालवतो तसा बस. आरशात काय दिसून राह्यलं?"

उत्तम खोटं बोलायला आला होता, पण त्याची तयारी तेवढ्या एका वाक्याचीच होती. ह्या प्रश्नाला त्यानं सरळ उत्तर दिलं. "मागची सीट, साहेब. आन खाली पडलेलं पोतं."

"रस्ता?"

"रस्ता न्हाई दिसत."

"रोज तूच चालवतो ना?"

"हाव साहेब. रोज."

"आन मागं कधीच बघत न्हाईस."

उत्तम खाली उतरला. जमादारांनी मला आणि शिपाईमामांना आरशाचा सांधा दाखवला. गंजून घट्ट झालेला, त्यावर धुळीचा अखंड थर. धडकेनं हलला असता तर थर तुटला असता. हे सगळं लिहून झाल्यावर त्यांनी मला आरसा फिरवायला सांगितला. दोन हात लावले तरी हलेना. शेवटी पक्कड आणावी लागली. तेही लिहिलं.

परतताना उत्तम कॅरिअरवरून म्हणाला, "साहेब, कशाला खोलात जाता? मालकानं घर बघतो म्हणलंय."

जमादार पायडल मारत होते. म्हणाले, "पोरगं कितवीला हाय तुझं?"

"दुसरीला."

"त्या दूधवाल्याचं पण त्याच शाळंत हाय."

एवढंच.

ठाण्यात फौजदार म्हणाले, "आरशाचं काय घेऊन बसलात, जमादार?" जमादार म्हणाले, आरसा काढायचा तर माझी सही पण काढा. दोन दिवस ठाण्यात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. शेवटी केस राजूच्या नावावर उभी राहिली, आणि महिन्याभरात जमादारांची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. सामान ट्रकमध्ये चढवताना काकू म्हणाल्या, "एका आरशापायी." जमादार ट्रकभोवती फेरी मारत होते.

केस बोर्डावर यायला चार वर्षं लागली. या चार वर्षांत राजू जीप चालवत होता. आणि उत्तम, ज्यानं कुणाला मारलं नव्हतं, तो गावात माणूस मारलेला म्हणून फिरत होता. राजूच्या वकिलाची सगळी भिस्त त्याच्यावर होती: उत्तमनं कोर्टात येऊन 'मीच चालवत होतो' म्हणायचं, राजू सुटणार, आणि पाप उत्तमच्या गळ्यात कायमचं. नारायणच्या वाडीतली माणसं त्याला बघून रस्ता बदलायची. उत्तमची बायको आमच्या हापशावर पाण्याला यायची. एक दिवस माझ्या बायकोला म्हणाली, "पोराला शाळंत कुणी जवळ बसू देत न्हाई, बाई. हे मुंगी मारीत न्हाईत. पण सांगता कुणाला?"

तारीख आली तसा घरमालक संध्याकाळी आमच्या खोलीत आला. एकुलत्या एका खुर्चीवर बसला. चहा घेतला. "तुम्ही आमच्या घरातलेच," तो म्हणाला. "खोटं बोला असं मी म्हणणार नाही. आरशाचं आठवत नाही म्हणा. बस. चार वर्षांत माणूस काय काय विसरतो. आणि खोली आपलीच समजा."

तो गेल्यावर बायकोनं विचारलं, "तुम्हाला खरंच आठवत नाही का?"

"मला सकाळी चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही," मी म्हणालो.

"ते नाही विचारलं मी."

खरं सांगायचं तर माझं ठरलं होतं. मी आठवत नाही म्हणणार होतो. दुसरी खोली शोधायची म्हणजे काय असतं, मुलगी सहा महिन्यांची, अशी सगळी कारणं मी कोर्टाच्या पायऱ्या चढेपर्यंत नीट रचून घेतली होती. पायऱ्यांवर जमादार भेटले. तेव्हा निवृत्त झालेले, साध्या शर्टात, बसनं आलेले. शिपाईमामा वारले होते, म्हणजे आरशाला पंच असा मी एकटाच. मला वाटलं, आता पढवतील. ते म्हणाले, "जेवलास का?" आणि आत गेले. पिंजऱ्यात उभा राहून मी त्यांना शोधलं, तर कुठं दिसेनात. मला उलट बरं वाटलं.

वकिलानं आधी टेपाचा मुद्दा घेतला. "जमादारांचा टेप फाटका होता, खरं का?"

"हो. एक फूट."

"म्हणजे मोजमाप चुकीचं."

"नाही. प्रत्येक वेळी एक वजा करायचो. मोठ्यानं."

मग तो आरशावर आला. 'आठवत नाही' माझ्या जिभेवर होतं. त्यानं नुसतं 'आठवतं का' एवढंच विचारलं असतं तर ती केस तिथंच संपली असती. पण माझं मघाचं 'मोठ्यानं' त्याला झोंबलं असावं. तो मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "जीपच्या सीटवर बसून तुम्हाला मागचा रस्ता दिसला म्हणे. पंचसाहेब, तुमचं डोकं स्टिअरिंगच्या वर तरी आलं होतं का?"

कोर्टात हशा पिकला. घरमालक हसला, राजूसुद्धा हसला, आणि तो माझ्याएवढाच होता. आम्ही दोघं एका शिंप्याकडं कपडे शिवायचो, तो शिंपी म्हणायचा, तुम्हा दोघांना एकच माप चालतंय. माझ्यात त्या वेळी सत्य वगैरे काही जागं झालं नाही. मला राग आला.

"आलं होतं," मी म्हणालो. "माझी उंची पाच फूट दोन. राजूशेठची तेवढीच. खात्री नसेल तर जमादारांचा टेप आणा आणि दोघांना मोजा, एक वजा करून. मला वळणापर्यंत रस्ता दिसला. उत्तमला सीट आणि पोतं दिसलं. आरसा फिरवायला दोन हात आणि पक्कड लागली." एकदा तोंड उघडल्यावर मी ढेकळांपर्यंत गेलो. न्यायाधीशांनी शेवटी हात वर करून मला थांबवलं.

पुढच्या तारखेला उत्तमची साक्ष होती. मला काम नव्हतं, तरी रजा टाकून गेलो. वकिलानं विचारलं तसं त्यानं सांगितलं, जीप मीच चालवत होतो. मग न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "आरशात काय दिसायचं तुम्हाला?"

उत्तमनं मालकाकडं बघितलं. मग खाली बघितलं. "सीट, साहेब."

"मागून गाडी आली तर कसं कळायचं?"

कारकुनानं लिहायचं थांबवून मान वर केली. "मी ट्रॅक्टर चालवतो साहेब," उत्तम म्हणाला. "त्याला आरसाच न्हाई." आणि मग, कुणी काही विचारलं नसताना: "जीपला आमाला हात लावू देत न्हाईत. फकस्त धुवायला."

राजूला शिक्षा झाली. पुढं अपिलात तिचं जे व्हायचं ते झालं, त्यात मी जात नाही. पण उत्तमचं नाव त्यातून निघालं ते कायमचं. त्याचं साल त्याच दिवशी सुटलं, आणि आमची खोली महिनाअखेर. बायको बोळकी-भांडी बांधताना म्हणाली, "चष्मा घेतलात का आठवणीनं?" तिच्याकडून मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी.

माझ्या साक्षीच्या दिवशी मी जमादारांना बसथांब्यावर गाठलं होतं. ते शेंगा सोलत होते. मी म्हणालो, "जमादार, मी आठवत नाही म्हणणार होतो."

"ठावं व्हतं."

"मग काही बोलला का नाहीत? कोर्टात पण दिसला नाहीत."

"पार मागं बसल्तो, खांबाच्या आड. मी दिसलो असतो तर तू माझ्यासाठी बोलला असता. मंग त्याला साक्ष म्हणावं का?" टरफलं खिशात टाकत ते उठले. बस आली होती. पायरीवरून वळून म्हणाले, "पण वजा बराबर केलंस."

उत्तमनं मधे काही वर्षं दुसऱ्यांचे ट्रॅक्टर हाकले. मग परवाना काढून तो सवाऱ्या नेणाऱ्या काळ्यापिवळ्या जीपवर लागला, परतूर ते कुंभार पिंपळगाव. नव्वद साल उलटून बरीच वर्षं झाली तेव्हा जमादारांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. जुन्या जालन्यातल्या डॉक्टरकडं न्यायचं ठरलं तेव्हा उत्तम म्हणाला, साहेबांना बसनं न्यायचं न्हाई. सकाळी आम्ही त्यांच्या दारात गेलो. काकूंनी दुपारच्या भाकरी बांधून दिल्या आणि वर एक घडी घातलेली पांढरी चादर ठेवली. "दवाखान्यात थंडी वाजती त्यांना," म्हणाल्या. "ही तेवढी परत आणा."

जमादारांना धड दिसत नव्हतं. तरी जीपच्या अंगावरून हात फिरवत त्यांनी तीन फेऱ्या मारल्याच. मग पुढं बसले. मी मागच्या सीटवर, भाकरीसकट. उत्तमनं आरशाला हात लावला, जरासा वर केला. किल्ली फिरवणार तेवढ्यात जमादारांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"उत्तम, आरशात काय दिसून राह्यलं?"

"मागचा रस्ता, साहेब."

"कुठवर?"

"पार वळणापर्यंत."

"बराबर," जमादार म्हणाले. "मंग चल."